कडी किती उंचीवर आहे?

सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांच्या फोटोंत कुत्रा असतो, मांजर असतं, खिडकीत बसून मगातली वाफ बघणारी मुलगी असते, कधी कधी नुसतीच एक गिटार असते. मूल मात्र नसतं. एखाद्याने जाहिरातीत ‘फॅमिली फ्रेंडली’ असं लिहिलंच, तर त्याचा अर्थ एवढाच की सोफा ओढला की त्याचा पलंग होतो.

घरात चालतं-धावतं पोर आलं की फोटो बघायची नजर बदलते. निदान दोघांपैकी एकाची तरी. माझा नवरा अजूनही भोळेपणाने देखावा बघतो. “बघ, बेडरूममधून नदी दिसते.” मला नदी दिसत नाही. मला खिडकीखाली हौसेने ठेवलेला शिसवी बाक दिसतो. बाकावरून खिडकी, खिडकीतून नदी, असा सरळ मार्ग दिसतो. तो म्हणतो, “काय सुंदर दिवा आहे!” मी दिव्याची वायर कुठे जाते ते बोटांनी फोटो मोठा करून शोधत असते. वायर जाते ती जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या प्लग पॉइंटात. तिथे एक एक्स्टेन्शन बोर्ड आडवा पडलेला असतो, आणि त्याला आणखी तीन भोकं मोकळी असतात. आमची मनू दीड वर्षाची आहे. तिच्या मते मोकळं भोक हा भरून काढायचा अन्याय असतो.

मधोमध काचेचं टेबल हवंच. त्याशिवाय घर भाड्याने देता येत नाही असा काही कायदा असावा. चार कोपरे, चारही मनूच्या कपाळाच्या उंचीला. टेबलावर काचेचं पसरट भांडं आणि भांड्यात गुळगुळीत शोभेचे गोटे. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला सव्वा इंच व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू त्या नळीत अख्खी मावते ती मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून बाद. भांड्यातल्या एकूण एक गोट्याची त्या नळीत जाण्याची पात्रता मला फोटोतूनच कळते. हे गोटे कोण विकत घेतं, कुठे विकतात, आणि भाड्याच्या प्रत्येक घरात ते कसे पोहोचतात, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं.

मग हॉटेलात का नाही राहत, असं लोक विचारतात. विचारणाऱ्यांची मुलं एक तर दहावीत असतात, नाही तर अजून झालेली नसतात. हॉटेलात खोली एक. मनू झोपते रात्री आठला. म्हणजे आठ वाजता दिवे बंद, टीव्ही बंद, आणि दोन सज्ञान, नियमित कर भरणारी माणसं अंधारात पलंगाच्या दोन कडांना बसून एकमेकांना मेसेज पाठवतात. “वेफर्स खाऊ का?” “नको. पाकीट वाजतं.” शेवटी दोघंही दबक्या पावलांनी बाथरूममध्ये जातात. एक जण कमोडचं झाकण खाली करून बसतो, दुसरा उलट्या बादलीवर, आणि रूम सर्व्हिसची महागडी बिर्याणी तिथेच संपते. नवराबायकोचं नातं यातूनही टिकतं, पण बिर्याणीशी असलेलं नातं टिकत नाही.

शिवाय मुलाचं जेवण. हॉटेलच्या लहान मुलांच्या मेन्यूवर पास्ता, नगेट्स आणि हसऱ्या चेहऱ्याचे बटाटे असतात. मनूला मऊ भात लागतो, त्यावर वरण, त्यावर तूप. तोही सकाळी अकराला, म्हणजे हॉटेलचा नाश्ता आवरलेला असतो आणि जेवण लागलेलं नसतं त्या बरोबर मधल्या वेळी. खोलीतल्या किटलीत खिचडी शिजवणाऱ्या शूर आया माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्यामागून त्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याच्या चहाला हिंगाचा वास का येतो, हे कोडं त्याला जन्मात सुटणार नाही.

तर, स्वयंपाकघर हवं आणि दार लावता येईल अशी दुसरी खोली हवी. म्हणजे फ्लॅट आला. शहर ठरलं होतं पणजी. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट पडत नाही. मांडवी एक्स्प्रेसने करमळीला उतरलं की पुढे टॅक्सीने जरासंच अंतर. आणि बापडं पणजी शहरही असं की बाबागाडी ढकलत निघालं तर तासाभरात बरंच बघून होतं.

पणजीचं नाव काढताच सासूबाईंनी प्रश्न निकालात काढला. “मंगेशीला अग्रशाळेत उतरा की. खोली मिळते, दर्शन होतं, आणखी काय पाहिजे?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फोंड्याकडच्या देवळांच्या अग्रशाळांनी मुंबई-पुण्याहून कुलदेवतेला येणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत. लहानपणी आम्ही उतरायचो त्या खोलीत दोन खाटा, भिंतीतलं कपाट, एक खुंटी आणि एक बल्ब एवढाच ऐवज होता. त्या खोलीत मुलाने फोडावं असं काही नव्हतं आणि बाहेर पळायला अख्खा प्राकार. आज एखादा डिझायनर त्या खोलीला ‘मिनिमलिस्ट’ म्हणून तिप्पट भाडं लावील. पण मंगेशी पणजीपासून वीसेक किलोमीटर. रोज दोन वेळा टॅक्सी, टॅक्सीत मनू, आणि वळणावळणाचा रस्ता. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मागच्या सीटच्या कव्हरांना विचारावं.

कोकणात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी असते, ती व्यवस्थाही मला मनापासून पटते. तिथे खोलीसोबत एक काकू मिळते. काकू पोर कडेवर घेऊन विहीर दाखवायला जाते, येताना चाफ्याचं फूल देते, मधल्या वेळात आई गरम जेवते. भाड्याच्या फ्लॅटला काकू नसते. काकूच्या जागी दारावर आकडे दाबायचं कुलूप असतं आणि वायफायचा पासवर्ड असतो.

खरं तर या धंद्याची सुरुवात फार चांगली झाली होती. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडं जड जात होतं. शहरात डिझाइनवाल्यांची परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी आपल्याच घरात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवले. पुढे त्याची एअरबीएनबी झाली. मुलांच्या दृष्टीने या व्यवसायाचा सुवर्णकाळ तोच. हवेच्या गादीला कोपरा नसतो आणि तिच्यावरून पडलं तर माणूस फार तर वीतभर खाली येतो. नंतर इंटीरियर डिझायनर आले.

पणजीत घर शोधायचं तर पहिलं नाव फोंतेन्हासचं. ते सगळ्यांनाच हवं असतं. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी, ओरें खाडीच्या बाजूला चिकटून उभी असलेली पिवळी, निळी, तांबडी घरं, वर कौलं, रस्त्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या टाइलच्या पाट्या. पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा दंडक होता असं सांगतात. त्या दंडकाचं पुण्य आज मोबाइलचे कॅमेरे भोगतायत. नवऱ्याने एक जांभळट निळं घर काढलं. दुसरा मजला, नक्षीदार गजांची बाल्कनी, जुन्या लाद्या. “इथे बसून सकाळी कॉफी प्यायची,” तो म्हणाला. बाप झालेला माणूस सकाळी बसून कॉफी पितो, ही कल्पना त्याने कुठून आणली कोण जाणे.

मी त्या घराचे फोटो क्रमाने लावले. रस्त्यावरून जोत्यावर चढायला पायऱ्या. जोत्यावरून आत जायला उंबरा. आत लाकडी जिना. जिन्याला दार नाही, आणि कठडा आहे तो मोठ्या माणसाच्या हातासाठी. त्याच्या खांबांमधून मनू आडवीसुद्धा निघेल. वर खिडकीला काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या बसवलेल्या, त्यांतून दुधी उजेड येतो. फार देखणं काम. कुणा सुताराने लाकडाच्या चौकटींत एकेक चकती बसवली असेल, कित्येक पावसाळे टिकली असेल, आणि मनूच्या नखापुढे तिचं आयुष्य एक दुपार. गोव्याच्या इतिहासाचं एवढं नुकसान आमच्या घराण्याच्या नावावर नको, असं मी म्हटलं.

शिवाय त्या गल्ल्यांत भिंतीला टेकून फोटो काढून घेणाऱ्यांची रीघ असते. रहिवासी इतके कावले की काही घरांवर ‘फोटो काढू नका’ असे फलक लागले. मूल झोपवून आपण विस्कटल्या केसांनी बाल्कनीत यावं आणि कुणाच्या तरी लग्नाआधीच्या फोटोत मागे कायमचं उमटावं, ही शक्यता मला नकोशी वाटली.

मग चर्चच्या चौकातलं एक घर आलं. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा तो पांढरा, नागमोडी जिना ज्याने सिनेमात पाहिला नाही असा मराठी माणूस विरळा. १५४१ साली तिथे पहिलं लहानसं चॅपेल झालं, पुढे मोठं चर्च. फ्लॅट समोरच होता, लिफ्टही होती. अडचण दोन. पहिली, तो जिना रोज दिसणार. मनूच्या मते जिना ही चढायची वस्तू आहे. उतरायची वेळ आली की त्यासाठी आई असते. दुसरी अडचण घंटेची. जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली घंटा १८७१ मध्ये इथल्या मनोऱ्यात आली. से कॅथेड्रलच्या सोनेरी घंटेनंतर गोव्यातली सगळ्यात मोठी हीच, असं म्हणतात. मला घंटेबद्दल पूर्ण आदर आहे. पण आमच्या घरी दुपारची झोप लागल्यावर फ्रिजचं दारसुद्धा आम्ही ओढणीत गुंडाळून उघडतो. तिथे ही घंटा!

आल्तिनोवर शांतता होती, झाडं होती, जॉगर्स पार्क होतं. फक्त ते सगळं टेकडीवर होतं. बाबागाडीतलं मूल, त्याच्याखालच्या जाळीतले लंगोट, पाण्याच्या बाटल्या, केळी, आणि हे सगळं चढावर. नवरा म्हणाला, “व्यायाम होईल.” तुझा की माझा, असं मी विचारल्यावर त्याने पुढचं घर उघडलं.

पुढचं घर नदीकाठी होतं. ‘अनइंटरप्टेड रिव्हर व्ह्यू.’ मांडवीत नांगरलेली कॅसिनोची जहाजं रात्रभर गुलाबी, हिरवी, जांभळी होत राहतात. खिडकीला पडदा होता, पण पांढराशुभ्र आणि झिरझिरीत, म्हणजे फोटोत वाऱ्यावर उडतो तो. मनूला झोपायला मिट्ट काळोख लागतो. जुगारात पैसे घालवणाऱ्यांच्या उजेडात आपली झोप घालवायची, आणि त्याचं भाडंही आपणच द्यायचं!

एव्हाना आमच्या लक्षात आलं होतं की जाहिरातीत ज्या ज्या गोष्टीचे जास्त पैसे लावले आहेत, ती ती गोष्ट मुलाला घातक आहे. वरचा मजला, मोठी बाल्कनी, देखावा, मोकळा जिना, दगडी बाथटब, काचेचं काहीही. उलट दिशेने चाललं की भाडं भराभर खाली येतं. या शोधाने नवऱ्यातला हिशेबनीस जागा झाला आणि आमची प्रगती वेगाने झाली.

मिरामारकडे, मांडवी जिथे समुद्राला मिळते त्या अंगाला, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. फोटो मालकांनी स्वतः काढलेले. एकात त्यांचा अंगठा होता, एकात आरशात बनियनमधले ते स्वतः. टेबल लाकडी, कोपरे झिजून गोल झालेले. शोकेसला कुलूप. सोफ्याला रेक्झिन, म्हणजे पुसता येणारा. देखावा म्हणून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं. मला भरून आलं.

मालकांशी चॅटवर बोलणं सुरू झालं.

“नमस्कार. आमच्याबरोबर दीड वर्षाची मुलगी आहे. घर तिच्यासाठी सेफ आहे का?”

“येस मॅम. सीसीटीव्ही आहे. वॉचमन चोवीस तास.”

म्हणजे मनू पडली तर ती कशी पडली याचं चित्रण मिळेल.

“बाल्कनीच्या गजांमध्ये अंतर किती आहे?”

“बाल्कनीतून सी व्ह्यू नाही मॅम. गच्चीवरून थोडा दिसतो.”

“व्ह्यू नको. दोन गजांमधलं अंतर.”

यावर बराच वेळ काही आलं नाही. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमात कठड्याच्या फटीतून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये असं सांगितलेलं असतं. मुलाचं डोकं आणि चेंडू यांतलं साम्य सरकारदरबारी मान्य झाल्याचं ते एक ठिकाण. हे मी मालकांना लिहिणार होते, तेवढ्यात त्यांचा फोटो आला. दोन गजांमध्ये त्यांनी आपली मूठ धरली होती. मूठ दोन्ही बाजूंना टेकत होती. खाली लिहिलं होतं, “माझी नात पण येते इथे.” त्या क्षणी मी घर घ्यायचं ठरवलं. पण प्रश्न संपले नव्हते.

“बाथरूमला आतून कडी आहे का? किती उंचीवर?”

“कडी वरती आहे.”

“खाली एखादी?”

“खाली पण आहे.”

“खालची काढता येईल का?”

“काढली.”

काय माणूस! कडीचं महत्त्व ज्याला कळत नाही त्याने बाथरूमच्या बाहेर उभं राहून, आत कोंडून घेतलेल्या दीड वर्षाच्या व्यक्तीला “वर कर, बाळा, वर, नाही, वर म्हणजे तिकडे” असं अर्धा तास समजावलेलं नसतं. ती व्यक्ती आतून आनंदाने टाळ्या वाजवत असते.

“गीझर कसला आहे?”

“नवा आहे मॅम. खूप कडक पाणी.”

लोक हे कौतुकाने सांगतात. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाचीही कातडी काही सेकंदांत भाजतं, मग लहानग्यांचं काय? म्हणून पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता.

“बादली आहे का?”

“रेन शॉवर आहे मॅम.”

“बादली?”

“हँड शॉवर पण आहे.”

“बादली आणि मग?”

“आणून ठेवतो.”

आपल्याकडच्या नव्या फ्लॅटांतून बादली हद्दपार झाली, यात कोणाचं भलं झालं मला माहीत नाही. आधी गार पाणी, मग त्यात गरम, मग कोपर बुडवून बघायचं, ही आंघोळीची रीत कुठल्याही परदेशी नळापेक्षा सुरक्षित आहे. आणि आंघोळ झाल्यावर त्याच बादलीत मनू उभी राहते. त्यात आईची दहा मिनिटं सुटतात. हात न सोडता मिळालेली, पण दहा मिनिटं.

शेवटी मी पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक विचारला. गोव्यात पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या घराची नोंदणी करावी लागते, त्याला १९८२ चा कायदा आहे. हा प्रश्न टाकला की पुष्कळ मालक ‘मॅम’वरून एकदम ‘मॅडम’वर येतात आणि मग ऑफलाइन होतात. आमच्या मालकांनी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. त्यातही अंगठा होता.

अभिप्राय वाचायचं काम नवऱ्याकडे होतं. अभिप्रायांचे दोन प्रकार. एक बिनलेकरांचे. ‘अमेझिंग व्हाइब, होस्ट भाई एकदम चिल’ या वाक्यातून पाण्याला दाब आहे का, जिना किती पायऱ्यांचा, शेजारी कुणी ड्रिल मारतंय का, यांतलं काहीही कळत नाही. दुसरा प्रकार आईबापांचा. ते आकडे देतात, कुकरची शिट्टी कशी आहे ते लिहितात, डासांची वेळ सांगतात. फक्त त्यांचे अभिप्राय पूर्ण होत नाहीत. आम्ही एक वाचला: ‘घर स्वच्छ, मालक चांगले, फक्त किचनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये’. संपलं. पुढे काही नाही. त्या ड्रॉवरमध्ये काय होतं? सुऱ्या? पाल? कुणी तरी हातातून फोन ओढून घेतला असणार, आणि तो फोन नंतर कुठे गेला याचीही कल्पना करता येते. आम्ही त्या ड्रॉवरचा विचार करमळीपर्यंत केला.

तारखांचा घोळ फार नव्हता. नोव्हेंबरात २००४ पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, तेव्हा घरांचे भाव आकाशाला. डिसेंबरअखेर तर विचारूच नये. आम्ही ऑगस्टात गेलो. पावसात समुद्रात कुणी उतरत नाही, पण मनू समुद्रात उतरणार नव्हतीच. तिला गच्चीच्या पन्हळीतून पडणारी धार पुरते.

घरात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. एकाने मूल धरायचं, दुसऱ्याने घर वर चढवायचं. फुलदाणी फ्रिजवर, रिमोट कपाटावर, डोअरमॅटखालची सुटी टाइल पलंगाखाली, सॅनिटायझर खिडकीच्या वरच्या फळीवर, मिक्सर तर माळ्यावरच. थोड्याच वेळात ते घर पूर येणार असल्याची दवंडी पिटलेल्या घरासारखं दिसू लागलं: कंबरेखाली काही नाही आणि डोक्यावर सगळा संसार. पहिल्यांदा तो ड्रॉवर उघडला. आत पोळपाट, लाटणं आणि उंदराचा पिंजरा होता. पिंजरा रिकामा होता, आणि ते चांगलं की वाईट यावर आम्हा दोघांत अजून एकमत नाही.

मनूसाठी आम्ही घरून खेळण्यांची एक वेगळी पिशवी नेली होती. लाकडी ठोकळे, कापडी पुस्तक, रंगीत कड्या. तिने पिशवी रिकामी केली, पिशवी डोक्यात घातली आणि मोरीकडे गेली. मोरीच्या तोंडावर स्टीलची गोल जाळी होती. तिने ती उचलली. खाली पाहिलं. पुन्हा ठेवली. उचलली. खाली अजूनही भोक होतंच. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते आम्हा दोघांना मंगेशीच्या गाभाऱ्यासमोर उभं राहूनही आलेलं नाही. पुढे सगळा मुक्काम त्या जाळीभोवती फिरला. जाळी धुवायची, जाळी लपवायची, जाळी सापडत नाही म्हणून रडायचं, जाळी उशाशी घेऊन झोपायचं. भाड्याच्या रकमेला जाळीने भागून नवऱ्याने काही हिशेब केला, मला सांगितला नाही.

सकाळी साफसफाईला येणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि चपला काढता काढता विचारलं, “बाय, कितें जाय गो तुका?” मनूने जाळी वर करून दाखवली. बाई खाली बसल्या आणि त्यांनी जाळीतून तिच्याकडे पाहिलं. बास, काकू मिळाली! जाहिरातीत हिचा उल्लेख नव्हता. असता तर भाडं दुप्पट मागता आलं असतं आणि आम्ही दिलंही असतं.

बाहेरच्या पणजीचंही तसंच झालं. बघायला म्हणून आम्ही ठरवली होती कांपालची कला अकादमी, चार्ल्स कोरियांची वास्तू, मनूला कडेवर घेऊन. मनूने तिथे एक मुंगी बघितली, बराच वेळ, वास्तुशास्त्राला साजेशा एकाग्रतेने. मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी नवऱ्याने गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांबद्दल थोडं सांगायला घेतलं, तर तिने श्रोत्याचा पवित्रा सोडून त्याची चप्पल पळवली. तिला खरी आवडली ती नदीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट. बोट धक्क्याला लागते, लोखंडी फळी धाडकन आदळते, स्कूटर उतरतात, स्कूटर चढतात, पुन्हा घरघर. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे गेलं की परत यायचं, परत आलं की पुन्हा जायचं. बोटीवरच्या माणसाने नंतर आमच्याकडे संशयाने बघायला सुरुवात केली.

सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो. मऊ पोळ्यांची सवय असलेल्या आमच्या घरात पोईचा शिरकाव झाला तो मनूमुळे, कारण पोई चावता येते, कुरतडता येते, फेकता येते आणि सोफ्याच्या फटीत साठवता येते. तिला आलेला एकमेव नवा शब्द म्हणजे ‘पों’. भूक लागली की पों, झोप आली की पों, फेरीबोटही पों. दुपारी दुकानं मिटतात तेव्हा मात्र या शहराबद्दल मला अपार प्रेम वाटलं. एक अख्खं शहर दुपारी झोपतं आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. दीड वर्षाचं माणूस घेऊन हिंडणाऱ्यांसाठी यापेक्षा समजूतदार राजधानी भारतात शोधून सापडायची नाही.

निघायच्या सकाळी सगळं पुन्हा खाली उतरवायचं होतं. फुलदाणी टेबलावर होती की टीव्हीपाशी? लाकडी मोर कुठल्या बाजूला बघत होता? आम्ही मालकांचे फोटो उघडले आणि त्यांच्याबरहुकूम एकेक वस्तू लावत गेलो. अंगठ्यामागे काय होतं ते मात्र कळलं नाही.

गाडीत बसल्यावर मालकांचा मेसेज आला. “मॅम, घर छान ठेवलंत. थँक यू. फक्त टीव्हीचा रिमोट दिसत नाही.”

“कपाटावर बघा.”

“नाही.”

“वॉशिंग मशीनमध्ये?”

“नाही.”

“सोफ्याच्या फटीत हात घाला.”

“पोई मिळाली. तीन तुकडे.”

“किचनचा खालचा ड्रॉवर.”

जरा वेळ गेला.

“मिळाला. पिंजऱ्यात होता. आता एसीचा?”